डोहाळ्यातली वांगी निर्दोष आहेत

*माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. चौथ्या महिन्यात गालांवर लाल चट्टे आले, मग कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत. रात्र रात्र खाजवतो, चादरीला रक्ताचे ठिपके पडतात. डॉक्टर म्हणाले, अटोपिक एक्झिमा, म्हणजे इसब. मलम लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, डोहाळ्यात वांगी खाल्लीस त्याचं हे फळ. शेजारच्या काकू म्हणतात, मलमाने दाबू नका, आत गेलं की दमा होतो. माझ्या नवऱ्याला लहानपणी दमा होता, त्यामुळे ते जास्तच मनाला लागलं. रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी केली, त्यात दूध, अंडं, गहू, शेंगदाणा सगळ्यांपुढे 'पॉझिटिव्ह' आलं. चार महिने ते सगळं बंद आहे आणि आता वजन वाढत नाही. जुलैत माहेरी गुहागरला पंधरा दिवस होतो, तेव्हा अंग जवळजवळ साफ झालं. सोलापुरात आलो, डिसेंबर उजाडला आणि पुन्हा सुरू. त्यावरून घरात जे बोललं गेलं ते लिहीत नाही. मला एवढंच सांगा, याचं मूळ कारण काय? ते सापडलं तर मुळापासून जाईल ना? माझं नेमकं काय चुकलं?*
*– एक आई, सोलापूर*

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. तुमचं काही चुकलेलं नाही. वांग्यांचंही नाही. गरोदरपणात आईने अमुक खाल्लं म्हणून बाळाला इसब झालं, असा पुरावा नाही आणि आईने पथ्य पाळलं म्हणून इसब टळलं, असाही नाही. 'मी पहिल्या दिवसापासून त्याच्या त्वचेची नीट काळजी घेतली असती तर?' असंही रात्री मनात येत असेल. ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बाळांवर नेमकं हेच करून पाहिलं. घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेली ही बाळं होती. निम्म्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं, निम्म्यांना नाही. २०२० साली निष्कर्ष आला. दोन वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांत इसबाचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. एवढं सगळं करूनही जे टळलं नाही, ते तुमच्या हातून टळायला हवं होतं असं कुणी म्हणू नये. तुम्ही स्वतःही नाही.

आता 'मूळ कारण'. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, कारण आणि निमित्त. इसबाच्या बाबतीत घरातले, शेजारचे आणि कधी कधी आम्ही डॉक्टरसुद्धा निमित्ताला कारण म्हणून बसतो. मग आई एकेक निमित्त पकडून त्याच्यामागे लागते. साबण बदलते, अंडं बंद करते, स्वेटर बदलते. चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी तिला वाटतं, खरं कारण अजून सापडलंच नाही.

सोलापूरच्या घरात माठ असणारच. नवा माठ बाहेरून ओलसर होतो, पाझरत राहतो, म्हणून तर पाणी गार. लहानपणी त्याला तेलकट हात लावला म्हणून ओरडा खाल्ला असेल, कारण तेलाने छिद्रं बुजतात आणि पाझर थांबतो. तुमच्या मुलाची त्वचा त्या नव्या माठासारखी आहे. आतलं पाणी सारखं बाहेर झिरपतं, म्हणून ती कोरडी. इथे 'पाणी जास्त पाजा' हा सल्ला तुम्हाला नक्की मिळाला असेल. माठ भरत राहिल्याने पाझर थांबत नाही. फरक एवढाच की त्वचेच्या छिद्रांतून वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. बाहेरची धूळ, साबण, जंतू, अन्नाचे कण जिथे शिरायला नको तिथवर आत शिरतात.

त्वचा अशी का झाली? मोठा वाटा जन्मजात घडणीचा. त्वचेच्या अगदी वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. ते आधी पेशींना चपटं आणि घट्ट करतं. मग त्याचेच तुकडे होतात, आणि ते तुकडे त्वचेत पाणी धरून ठेवतात, तिला किंचित आम्लही ठेवतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिलं की या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसब होण्याची शक्यता कितीतरी वाढते. तोवर इसब हा मुख्यतः प्रतिकारशक्तीचा बिघाड मानला जायचा. त्या एका शोधाने आम्हा सगळ्यांचं लक्ष त्वचेच्या भिंतीकडे वळलं.

तुम्हाला घरबसल्या करता येईल अशी एक गंमत सांगते. नवऱ्याचा तळहात उजेडात बघा. नेहमीपेक्षा खूप जास्त, बारीक आणि खोल रेषांचं जाळं दिसतं का? थंडीत त्यांच्या नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी कोरडी पापडी सुटते का? असेल तर फिलॅग्रिनचा दोष त्यांच्याकडून आला असण्याची बरीच शक्यता आहे. हातावरच्या रेषा काही सांगतात यावर माझा एवढ्यापुरताच विश्वास आहे. तुमचाही तळहात बघा, आणि हो, सासूबाईंचाही. पण जे सापडेल त्यावरून नवं भांडण काढायचं नाही. वांग्यांची जागा नवऱ्याच्या जनुकाने घेतली तर आपण काहीच कमावलं नाही.

कारण जनुक हीसुद्धा पूर्ण गोष्ट नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत दहातल्या जवळपास एकाकडे हा दोष असतो आणि त्यातल्या अनेकांना जन्मात कधी इसब होत नाही. उलट, इसब असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांत हा दोष सापडतच नाही. डेन्मार्कमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला होता. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला इसब असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्के निघालं, साध्या जुळ्यांत सुमारे २३ टक्के. म्हणजे वारसा जबरदस्त आहे. पण सगळी जनुकं सारखी असूनही चारातला एक जण सुटतो, तो कशामुळे, हा प्रश्न उरतोच.

दुसरा धागा प्रतिकारशक्तीचा. पाझरणाऱ्या त्वचेतून काहीबाही आत येत राहिलं की तिथले पहारेकरी बिथरतात आणि साध्या धुळीवरही शत्रू आल्यासारखे धावून जातात. त्या धावपळीत काही रसायनं सुटतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही दोन तुम्ही लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, पण ती करतात काय ते जरूर लक्षात ठेवा. ती त्वचेला फिलॅग्रिन कमी बनवायला लावतात. म्हणजे ज्याचं जनुक अगदी धडधाकट आहे, त्याचीही त्वचा दाह सुरू झाला की पाझरायला लागते. आणखी एक भावंड आहे, इंटरल्यूकिन-३१. ते थेट खाजेच्या नसा चेतवतं. खाज आली की बाळ ओरबाडतं, ओरबाडलं की त्वचा आणखी फाटते, फाटली की आणखी आत शिरतं. आधी त्वचा बिघडते की आधी प्रतिकारशक्ती, यावर आमच्यात वर्षानुवर्षं वाद झाले. काहींत इकडून सुरू होतं, काहींत तिकडून, आणि दवाखान्यात येईपर्यंत दोन्ही एकमेकांत असे गुंतलेले असतात की पहिलं टोक शोधण्यात अर्थ उरत नाही.

तिसरा भिडू जंतू. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू इसबाच्या चट्ट्यांवर दहापैकी सुमारे सात रुग्णांत मुक्काम ठोकून असतो. निरोगी त्वचेचं आम्ल त्याला फारसं मानवत नाही. इथे आम्ल कमी झालेलं, त्वचा फाटलेली, त्याला मोकळं रान. तो दाह वाढवतो. म्हणून चट्ट्यांवर मधासारखी पिवळी खपली धरली, लस यायला लागली किंवा ताप आला तर वाट बघू नका. आणि ओठावर तापाचे फोड आलेल्या कुणालाही बाळाचा पापा घेऊ देऊ नका, पाहुणा कितीही मानाचा असो. त्या फोडांतला विषाणू इसबाच्या त्वचेवर झपाट्याने पसरतो. अंगावर एकसारखे छोटे छोटे फोड एकदम उठले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

हे झालं कारण. एक मूळ असतं तर उपटलं असतं. इथे वारसा, प्रतिकारशक्ती आणि जंतू यांची तीनपेडी वेणी आहे.

आता निमित्तं, आणि त्यात तुमचं गुहागर. माहेरी बरं वाटलं यात माहेरची माया असेलच, पण जुलैतल्या कोकणातल्या हवेत पाणी ओथंबलेलं असतं. माठ दमट हवेत कमी सुकतो. डिसेंबरातली सोलापूरची कोरडी थंडी त्वचेतलं पाणी ओढून घेते, वर आपण बाळाला कडकडीत पाण्याने न्हाऊ घालतो, लोकरीची कानटोपी-स्वेटर थेट अंगावर चढवतो. लोकरीचे तंतू टोचतात. आतून सुती अंगरखा हवाच. पाण्याचंही थोडं असेल. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण जास्त लागतो आणि अंगावर राहूनही जातो. जड पाण्याच्या भागात मुलांमध्ये इसब जास्त दिसतं, असं इंग्लंडमधल्या पाहणीत आढळलं आहे. पण लगेच सॉफ्टनर विकत घ्यायला निघू नका. तिथेच इसब असलेल्या ३३६ मुलांवर पाणी मऊ करणारं यंत्र बसवून प्रयोग झाला आणि मुलांच्या इसबात त्याने काही फरक पडला नाही. ते पैसे मॉइश्चरायझरला ठेवा.

आणखी निमित्तं म्हणजे घाम, दात येताना गालावर ओघळणारी लाळ, साधी सर्दी, उदबत्तीचा आणि धुरीचा धूर, गोधडीतली धूळ. सासूबाई 'उष्णता आहे' म्हणतात ना? त्यांचं निरीक्षण खोटं नाही. उकाड्याने आणि घामाने खाज वाढतेच. स्पष्टीकरण तेवढं जुनं आहे. रक्त अशुद्ध झालेलं नाही, आणि 'उष्णता बाहेर पडू दे' म्हणून चट्टे तसेच ठेवायचे नसतात.

खाण्याचं मात्र जरा थांबून सांगते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची ओळ ती आहे. शंभर पदार्थांची यादी असलेली ती रक्ततपासणी मला अजिबात आवडत नाही. त्यात 'पॉझिटिव्ह' म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख नोंदवली आहे, एवढंच. इसब असलेल्या मुलांत तशा नोंदी ढिगाने सापडतात आणि त्यातले बरेच पदार्थ मूल आनंदाने खाऊन पचवत असतं. खरी अ‍ॅलर्जी वागण्यातून दिसते. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, श्वास लागतो. असं कधी झालं होतं का? पत्रात तसं काही नाही. तीव्र इसब असलेल्या काही तान्ह्यांना अन्नाची अ‍ॅलर्जीही असते, हे खरं. पण ती बहुतेकदा इसबाची जुळी बहीण असते, आई नव्हे.

उलट गंमत अशी की इसबामुळेच अन्नाची अ‍ॅलर्जी जडू शकते. फाटलेल्या त्वचेतून शेंगदाण्याचा कण आत गेला तर शरीर त्याला शत्रू समजतं. तोच तोंडावाटे पोटात गेला तर ओळखीचा पाहुणा समजतं. लंडनमध्ये गिडिअन लॅक यांच्या गटाने ६४० बाळांवर प्रयोग केला. चार ते अकरा महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली बाळं. निम्म्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, निम्म्यांना पाच वर्षं तोंडाला लावू दिला नाही. २०१५ साली आलेला निकाल असा, की खाणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली आणि टाळणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना. जिथे शेंगा चटणीशिवाय पान वाढलं जात नाही त्या सोलापुरात, घरभर दाण्याचं कूट उडत असताना एका बाळाच्या पोटात मात्र दाणा जाऊ द्यायचा नाही, हे नेमकं उलटं होतंय.

पण घाईने उद्या सकाळीच सगळं सुरू करू नका. चार महिने बंद असलेला पदार्थ परत देताना कधी कधी एकदम रिअ‍ॅक्शन येऊ शकते. बालरोगतज्ज्ञांकडे जा, वजनाचा तक्ता सोबत न्या आणि सरळ विचारा, 'कोणता पदार्थ आधी, कुठे बसून, किती?' काही पदार्थ पहिल्यांदा त्यांच्यासमोरच द्यावे लागतील. दाणा अख्खा कधीच नाही, घशात अडकतो. बारीक कूट मऊ भातात किंवा खिमटात. सव्वा वर्षाच्या मुलाचं दूध-गहू-अंडं बंद आणि वजन थांबलेलं, ही तुमच्या घरातली इसबाहून मोठी तातडी आहे.

आता काकूंचा दमा. ही समजूत मी इतक्यांदा ऐकली आहे की ती कुठून आली असेल याचा विचार करते, आणि मला तिच्यात एक प्रामाणिक निरीक्षण दिसतं. इसब, दमा, सर्दी-शिंका हे एकाच घराण्यात, बऱ्याचदा एकाच माणसात दिसतात, हे पॅरिसच्या अर्नेस्ट बेनिए या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९२ मध्येच लिहून ठेवलं. या सगळ्या कुळाला १९२३ साली अमेरिकेत आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक यांनी 'अटोपी' हे नाव दिलं. शब्द त्यांनी ग्रीकच्या एका प्राध्यापकांना विचारून घेतला होता. अर्थ, जागेवर नसलेलं, विचित्र. आता क्रम बघा. इसब पहिल्या वर्षात येतं. दमा यायचा असेल तर तीन-चार वर्षांनी, नाकाचा त्रास आणखी पुढे. मधल्या काळात वय वाढलं म्हणून इसब बरंच कमी झालेलं असतं आणि मलमही लावलेलं असतं. बघणाऱ्याला दिसतं ते असं, की मलम लावलं, इसब गेलं, दमा आला. म्हणजे 'आत दाबलं गेलं'. गाडी आली म्हणून फाटक पडलं की फाटक पडलं म्हणून गाडी आली, तसं हे. तुमच्या मुलाला पुढे दमा होईलच असं नाही, बऱ्याच मुलांना होत नाही. झालाच तर तो वडिलांकडून आलेल्या त्याच वारशातून होईल, मलमातून नव्हे. दाह तसाच धगधगत ठेवून दमा टळतो याला कसलाही आधार नाही.

मलमाची भीती मात्र अगदीच निराधार नाही, ती चुकीच्या मलमाची असायला हवी. औषधाच्या दुकानात 'खाजेचं मलम द्या' म्हटलं की जे मिळतं, त्यात अनेकदा एक फार तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक एकत्र असतं. ते बाळाच्या अंगाला लावायचंच नाही. त्याने त्वचा पातळ होते. डॉक्टरांनी वयाप्रमाणे दिलेलं सौम्य स्टेरॉइड, दिवसातून सांगितलं तितक्यांदा, सांगितले तितके दिवस, हे वेगळं. तुमचं 'चार दिवस बरं, पुन्हा तेच' यामागे मला दोन शक्यता दिसतात. एक, भीतीपोटी मलम नावापुरतं लावलं जातंय. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्या मापाने लावा. दोन, मलम थांबलं की त्यासोबत मॉइश्चरायझरही थांबतो. माठाला तेलकट हात लावायचं हेच तर काम, ते चट्टे नसतानाही रोज करायचं असतं. अंग सगळं धरलं तर आठवड्याला दोनशे-अडीचशे ग्रॅम लागू शकतो, म्हणून महागड्या छोट्या बाटलीऐवजी बिनवासाची पेट्रोलियम जेली चालेल. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांची आंघोळ, साबण कमीत कमी, टिपून घेतलं की ओलसर अंगावरच लावून टाकायचं. उटण्याने किंवा डाळीच्या पिठाने खसाखसा चोळणं बंद. सासूबाईंना घाण्याचं खोबरेल लावायची हौस असेल तर खुशाल लावू द्या. फिलिपिन्समधल्या अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल इसबाच्या मुलांना चांगलं मानवलं आहे. मोहरीचं किंवा ऑलिव्हचं तेल नको, त्यांनी त्वचेचा पाझर वाढू शकतो.

एक विचारायचं राहिलं. घरात अजून कुणाला रात्री खाज येते का? बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला? असेल तर ते खरूज असू शकते. मग उपचार वेगळा आणि सगळ्यांनी एकाच वेळी करायचा. इसबासोबत खरूज असलेली बाळं मी पाहिली आहेत आणि ती चटकन ध्यानात येत नाही.

मुळापासून जाईल का, याचं सरळ उत्तर : त्वचेची घडण बदलता येत नाही, पण बहुतेक मुलांचं इसब शाळेच्या वयापर्यंत खूप कमी होतं, अनेकांचं जवळजवळ जातं. काहींचं राहतं. कोणाचं राहील हे आज सांगता येत नाही. मोठेपणी तीव्र राहिलंच, तर मी वर सांगितलेल्या इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांना अडवणारं इंजेक्शन २०१७ पासून वापरात आहे. महाग आहे आणि तुमच्या मुलाला त्याची आज गरज वाटत नाही, पण दारं बंद झालेली नाहीत एवढं कळावं म्हणून सांगितलं.

हे पत्र घरात मोठ्याने वाचा. सासूबाईंसमोर वाचलंत तर खोबरेलाचा भाग आधी वाचा, वांग्यांचा नंतर. आणि नवऱ्याच्या तळहातावर काय दिसलं ते मला जरूर कळवा.